बडेसाबांनी हुंगलेले पाणी

१८ सप्टेंबर २०२३. त्या दिवशी आमच्या संघाकडे दोन हजार तीनशे चाळीस रुपये परत मागणारे पत्र आले. सहा बाटल्यांची किंमत, बाटली तीनशे नव्वदची. वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या पेनाने लिहिले होते : "तुमच्या बाटलीत नुसतं पाणी हाय. पाणी आमच्याकडं बी हाय. पैसं परत द्या." खाली मायाक्का गडदे अशी सही आणि सांगोल्याच्या पुढच्या एका वाडीचे नाव.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मी पत्रावर आवक क्रमांक घातला आणि ते फायलीला लावले. त्याच वाडीतून महिन्याभरात आलेले हे तिसरे पत्र होते.

ही पत्रे ज्या माणसाच्या अंगावर शेकणार होती त्याची हकीकत मला सांगायची आहे. त्याचे नाव बडेसाब नदाफ.

आमचा संघ शेतकऱ्यांचा आहे. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पूर्वी टॉवेलचे माग चालत त्या शेडमध्ये, आम्ही पिकांच्या उपयोगाचे जिवाणू वाढवतो आणि बाटलीत भरून विकतो. दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये अजून माग आहेत, त्यामुळे आमच्याकडे सगळे थोडे ओरडून बोलतात. मी इथला व्यवस्थापक आणि हिशेबनीस, दोन्ही. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हा जिवाणू म्हणजे आजार, एवढेच मला माहीत होते. जिवाणूंची माहिती पुस्तकातून सांगणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सृष्टी मॅडम. मला ते खरे समजावले ते मात्र बडेसाबांनी.

बडेसाब आमच्याकडे आले २०१६ साली, संघाने जिवाणूंचे काम नवे सुरू केले तेव्हा. त्याआधी बावीस वर्षे ते एका टॉवेल कारखान्याच्या डायहाऊसमध्ये होते. बॉयलर सांभाळायचा, सूत ब्लीच करायचे, रंग चढवायचा. तो कारखाना बंद पडला. आम्हाला बॉयलर चालवणारा माणूस हवा होता, कारण आमचे सगळे काम वाफेवर आहे. बाटली, टाकी, नळ्या, जिवाणूंचे खाद्य, सगळे आधी वाफेने निर्जंतुक करावे लागते. नाहीतर आपण पेरतो एक आणि उगवते भलतेच. "आम्ही सुतातला मळ काढायचो, इथे हवेतला काढायचा," असे म्हणून बडेसाब कामाला लागले.

पहिल्याच वर्षी मी त्यांना विचारले होते, "हे मुळाशी जाऊन नेमके करतात काय हो?"

"साहेब, तुम्ही एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे का कधी?"

"धरली आहे की."

"तेच. मर रोगाची बुरशी मुळाशी येऊन बसते. आपले हे आधी जाऊन रुमाल टाकतात. जागाच नाही तर ती बसणार कुठे? आणि बसल्या बसल्या मातीतलं स्फुरद विरघळवून झाडाला देतात. नुसते बसून नाही राहत."

सृष्टी मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेत असं लिहिलं असतं तर मला दोन मार्क जास्त पडले असते, चाचा."

या माणसाला कामावरून काढायचे, असे २१ सप्टेंबरच्या बैठकीत ठरले.

संघाचे अध्यक्ष बापूसाहेब. मनाने वाईट नाहीत, पण संघाच्या नावाला फार जपतात. तिन्ही पत्रे त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. तिन्ही तक्रारी एकाच वाडीतल्या, एकाच घाणीच्या. एका वेळी टाकीत तयार होतो त्या मालाला आम्ही घाणी म्हणतो. ही सत्तेचाळिसावी.

सृष्टी मॅडम म्हणाल्या, "त्या घाणीची एक बाटली आपण राखून ठेवली आहे. मी तपासली. जिवाणू भरपूर आहेत."

"राखून ठेवताना चांगलीच ठेवणार की, बाळ," बापूसाहेब म्हणाले. "पेरूवाला वर कुठले पेरू लावतो? सत्तेचाळीसला वाफेवर कोण होतं?"

नोंदवही माझ्यापुढेच होती. वाफेवर बडेसाब होते. त्या दिवशीच्या पानावर एक रकाना कोरा होता. दुपारी तीनचा दाब लिहिलेला नव्हता. माझ्यासारख्या माणसाला कोरा रकाना पुरेसा असतो. मी पान बापूसाहेबांपुढे सरकवले.

"झालं तर मग," ते म्हणाले. "महिनाअखेर हिशेब करून टाका. पत्र तुम्ही काढा."

मी पत्र टाइप केले. त्याच संध्याकाळी बडेसाबांना बोलावून तोंडी सांगितले, कारण माणसाला असे काही आधी कागदातून कळू नये. ते उभेच राहिले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न. एमआयडीसीत सगळे सगळ्यांना ओळखतात. बाटलीत पाणी भरले म्हणून काढलेल्या माणसाला कुठलाही शेडमालक दारात उभा करणार नव्हता.

"लिहायचं राहिलं, साहेब," ते म्हणाले. "वाफ राहिली नव्हती."

"मी काय करू, बडेसाब? कागद असा आहे."

"हौ. कागद तसा आहे." मग ते म्हणाले, "पगाराचं नंतर बघू. पण लोक म्हणतील, बडेसाब पाणी भरायचा. ते नक्को. बाटली इथून गेली तेव्हा जिवंत होती. मेली कुठे, तेवढं बघू द्या. त्या बाईच्या घरी एकदा घेऊन चला. मग काढा."

मागणी रास्त होती. टेम्पोच्या डिझेलचा खर्च दौऱ्याखाली टाकता येत होता. मी हो म्हणालो.

शनिवारी, २३ तारखेला, मी, बडेसाब आणि सृष्टी मॅडम असे तिघे टेम्पोने निघालो. त्या वर्षी पाऊस नव्हता. सांगोल्याच्या पुढे तर बाजरी हातभरही वाढली नव्हती. मायाक्काची डाळिंबाची बाग वाडीच्या टोकाला, घरालगत. सहाशे झाडे. पलीकडे मेंढरांचा वाडा. झाडांची पाने एका फांदीला पिवळी पडत, मग ती फांदी वाळत जाई आणि महिन्याभरात पूर्ण झाड. जूनमध्ये एकोणीस गेली होती. आम्ही गेलो तेव्हा सदतीस. तिने प्रत्येक गेलेल्या झाडाच्या बुंध्याला पांढरी चिंधी बांधली होती.

मायाक्का साठीच्या आसपासची, उंच, डोक्यावर पदर. आमच्याकडे बघून म्हणाली, "आलाव व्हय? पैसं आनल्यात का नुसतं मानसं आल्यात?"

"माणसं आलीत, आक्का," बडेसाब म्हणाले. "बाटली भरणारा मीच."

"तू व्हय? बरा दिसतोस की. मला वाटलं, कोन तरी चोरासारखा असंल."

"चोर असतो तर तीनशे नव्वद लावले असते का? हजार लावले असते."

तिला हसू आले, पण तिने ते आवरले. "बसा. उनातनं आलाव. पानी घ्या आदी. भांडायचं मागनं बगू."

तिने तांब्या आणि तीन पेले आणले. वाटीत गुळाचे खडे. मी खडा तोंडात टाकला आणि पाणी प्यायलो. सृष्टी मॅडमनीही घेतले. बडेसाबांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. नाकाशी धरला. पुन्हा एकदा धरला.

"आक्का, हे पाणी कुठलं?"

"नळाचं. मे म्हैन्यात नळ आला आमच्या वाडीला. सरळ दारात."

"आणि त्या निळ्या ड्रममध्ये, बाटली ओतली तेव्हा, पाणी कुठलं होतं?"

"ह्येच की. दुसरं कुटलं?"

"शेततळं आहे ना तुमचं?"

मायाक्काने त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू त्यांनी काही अमंगळ विचारले. "ह्या पोरीनं मीटिंगीत काय सांगितलं व्हतं? म्हनली, बाटलीत जित्ती जीवं हायत, ती तुमच्या झाडास्नी राकनार. म्हंजी पाव्हनंच की ते. जित्त्या पाव्हन्याला तळ्यातलं हिरवं पानी देऊ? त्यात मेंढरं तोंड घालत्यात. घरात दोन घागरी कमी केल्या, पर ड्रम नळाच्या पान्यानं भरला. ड्रम बी राखंनं घासून घेतला. बग जा."

ड्रम मी पाहिला. आमच्या शेडमधल्या टाक्यांइतका स्वच्छ होता.

"आणि गूळ कधी टाकला?" सृष्टी मॅडमनी विचारले. आमच्या पद्धतीत दोनशे लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि बाटल्यांतले जिवाणू घालून चार-पाच दिवस ठेवायचे असते. गूळ खाऊन ते वाढतात, मग ते पाणी झाडांच्या मुळाशी घालायचे.

"गूळ दुसऱ्या दिशी. आल्या आल्या कोन जेवाय वाडतं का? आदी पानी द्यायचं, जरा बसू द्यायचं, मग खायाला."

बडेसाबांनी पेला खाली ठेवला. "साहेब, बावीस वर्षं मी सूत ब्लीच केलं. हा वास झोपेत पण ओळखतो. टीसीएल पावडर आहे यात. पाण्याच्या टाकीत टाकतात ना, माणसाला जुलाब होऊ नयेत म्हणून. अंदाजाने टाकली असणार, जास्त पडली आहे. आपल्या पोटातले किडे मारते ती पावडर आपले पाहुणे सोडेल का? गूळ आधी असता तर पावडरीचा जोर त्यावर खर्च झाला असता, थोडे तरी वाचले असते. एक दिवस, एक रात्र नुसत्या या पाण्यात. सगळे गेले."

मग त्यांनी पेला उचलून ते पाणी पिऊन टाकले. "प्यायला चांगलं आहे, आक्का. तुम्ही प्या. फक्त ह्यांना विष आहे."

मायाक्का ओट्याच्या कडेला बसली. "म्हंजी मीच मारलं व्हय त्यास्नी?"

"नक्को, असं बोलू नका. तुम्ही दारात आलेल्याला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं. सांगायचं आमच्याकडून राहिलं."

वाडीतल्या बाकी दोघांनीही हेच केले होते. नळ नुकताच आलेला, नव्या पाण्याचा मान होता. आदल्या वर्षी त्यांनी आमच्याच बाटल्या तळ्याच्या पाण्यात मिसळल्या होत्या आणि तक्रार आली नव्हती. त्या विक्रीची नोंद माझ्या विक्री वहीत होती. मी ते पान उलटून पाहिले नव्हते.

तरी बडेसाब नुसत्या वासावर थांबले नाहीत. त्यांनी मायाक्काकडून दोन घागरी मागून घेतल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत तळ्याचे. दोन्हीत टेम्पोतल्या नव्या बाटलीतले एकेक झाकण जिवाणू घातले. "गूळ उद्या टाका, तेव्हा टाकला होता तसाच. दोन्हीत सारखा. तोंडाला फडकं बांधा आणि तीन दिवस वास घेत राहा. आमच्यावर विश्वास ठेवू नका, घागरीवर ठेवा." सृष्टी मॅडमनी दोन्ही पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून घेतले.

परतताना मंगळवेढे मागे पडले. मग मी जे सांगायचे होते ते सांगितले. बाटलीवरच्या लेबलचा मजकूर सृष्टी मॅडमनी लिहून दिला होता. त्यात वाक्य होते : "टीसीएल पावडर नसलेल्या स्वच्छ पाण्यात मिसळावे." ते दुसऱ्या ओळीत जात होते. लेबल मोठे केले तर छपाईचा दर वाढत होता. मी तीन शब्द काढले. "स्वच्छ पाण्यात मिसळावे" एवढेच ठेवले. अर्थ तोच राहतो असे मला वाटले. आठ हजार लेबले छापून घेतली.

मी मनात म्हणत होतो, आता हा माणूस बोलेल, आणि त्याने बोलावेच.

बडेसाब म्हणाले, "म्हणजे साहेब, तुमचा पण एक रकाना कोरा राहिला म्हणा."

सृष्टी मॅडमना हसू आवरेना. मग मलाही आवरले नाही. त्या हसण्याबद्दल मी आजही बडेसाबांचा आभारी आहे. दुसरा कोणी असता तर त्या वाक्याच्या जागी काय काय बोलला असता, याची मला कल्पना आहे.

मंगळवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मायाक्काच होती. "सायब, त्येला सांग. तळ्याच्या घागरीत फसफस करतंय, आंबूस वास सुटलाय. नळाची घागर हाय तशीच, नुसतं गोड पानी. तिला मुंग्या लागल्यात."

बुधवारी सृष्टी मॅडमनी, दोन्ही नमुन्यांत आमचे जिवाणू सोडून वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशा उजेडात धरून दाखवल्या. तळ्याच्या पाण्याची बशी ठिपक्यांनी भरून गेली होती, मोजता येत नव्हते. नळाच्या पाण्याची बशी कोरी. गुरुवारी ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्याने संघ बंद होता. शुक्रवारी, २९ तारखेला, मी दोन्ही बशा, विक्री वही आणि माझा लेबलचा कागद घेऊन बापूसाहेबांसमोर बसलो आणि तीन शब्दांची गोष्ट स्वतःच सांगितली. पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये सही न होता पडले होते. ते त्यांच्यासमोर फाडले.

बापूसाहेबांनी बशा बराच वेळ पाहिल्या. मग बडेसाबांना आत बोलावले. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी किटलीतून स्वतः चहा ओतला आणि पहिला कप बडेसाबांच्या हातात दिला. "घ्या. साखर जास्त आहे, चालेल ना?"

"चालेल की. गूळ असता तर अजून चाललं असतं," बडेसाब म्हणाले.

मायाक्काने पैसे परत घेतले नाहीत, त्याऐवजी सहा बाटल्या घेतल्या. बडेसाब स्वतः जाऊन ड्रम लावून आले. तळ्याचे पाणी, आधी गूळ, मग जिवाणू. ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात असे दोनदा ते पाणी मुळाशी घातले. तिने गेलेली झाडे मुळासकट काढून जाळली आणि ठिबकचे पाणीही थोडे कमी केले. म्हणून सगळे श्रेय मी बाटलीला देणार नाही, ते हिशेबात बसत नाही. पण नोव्हेंबरात दोन झाडे गेली, त्यानंतर एकही नाही. फेब्रुवारीत ती शेडवर आली तेव्हा म्हणाली, "मेल्याली उटत न्हाईत. पर पुडचं मरायचं थांबलं. लई झालं." तिने मागांच्या खडखडाटात आमची टाकी पाहिली, काचेला हात लावला आणि बडेसाबांना विचारले, "हितं एवडा आवाज, पाव्हनं झोपत कसं असत्याल रं?"

"सोलापूरचे आहेत, आक्का. मागाच्या आवाजातच मोठे झालेत," ते म्हणाले.

येत्या मे अखेर मी निवृत्त होतो आहे. सदतीस वर्षे नोकरी केली, पैकी सव्वीस या संघात. या काळात माझ्या हातून काय चांगले झाले याची यादी फार मोठी होणार नाही. एक वाईट मात्र होता होता राहिले. एका सरळ माणसाच्या नावावर खोटा डाग माझ्या सहीने पडणार होता. तो पडला नाही, कारण त्या माणसाने भांडायच्या ऐवजी "एकदा बघू द्या" म्हटले, आणि बावीस वर्षे वाफेत आणि ब्लीचमध्ये काढूनही त्याचे नाक शाबूत राहिले. बडेसाब अजून वाफेवर आहेत. संघाने त्यांना वयाची सवलत देऊन मुदत वाढवली आहे. नोंदवहीत आता रकाना कोरा राहत नाही. राहिलाच, तर मी पान सरकवण्याआधी उठून शेडमध्ये जातो आणि विचारतो.

लेबलचा प्रश्न मात्र लगेच सुटला नव्हता. आठ हजारांपैकी सहा हजारांवर लेबले शिल्लक होती. ती टाकून द्यायला संचालक मंडळ तयार नव्हते आणि मीही नव्हतो. ३ ऑक्टोबरला बडेसाब सकाळी एक रबरी शिक्का घेऊन आले. नवी पेठेत फुटपाथवर बसणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी तो करून घेतला होता. जांभळ्या शाईत दोन ओळी उमटत : "नळाचे पाणी नको. तळ्याचे, विहिरीचे चालेल." त्या दिवसापासून शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाटलीवर त्यांनी स्वतः शिक्का मारला. गेल्या वर्षी नवी लेबले छापली, त्यावर ते वाक्य पूर्ण आहे. छपाईचा जादा दर मी मंजूर करून घेतला.

शिक्क्याची पावती त्यांनी आणली नव्हती. पावतीशिवाय संघातून रक्कम देता येत नाही. मी ती स्वतःच्या खिशातून देतो असे तीनदा सांगितले. तिन्ही वेळा ते "घेतो की, घाई काय," म्हणाले आणि बॉयलरकडे गेले.

बडेसाब नदाफ यांना शिक्क्याचे एकशे ऐंशी रुपये माझ्याकडून देणे आहेत.